चाळणीचा आवाज

आमच्या घरात दिवस चाळणीने सुरू व्हायचा. शाळेच्या मागच्या अंगाला दोन खोल्या होत्या, तिथे आम्ही राहायचो. वडील, आई आणि मी. वडिलांना मी घरात तात्या म्हणायचो आणि शाळेत गुरुजी. दोन्ही ठिकाणी त्यांची भीती सारखीच वाटायची. आई उजाडताच चुलीपुढे परात घेऊन बसे, पत्र्याची चाळण तिच्यावर धरी आणि कडेला तळहाताने थापटत राही. थप, थप, मग बारीक सळसळ, की पुन्हा थप, थप. अंथरुणात पडून तो आवाज ऐकताना मला मोठं सुरक्षित वाटे. दुष्काळाचं वर्ष होतं. चाळली जायची ती सुकडी, म्हणजे शाळेतल्या पोरांना वाटायला सरकारकडून पोत्यांनी येणारं भाजलेलं, पिवळट, गुळाच्या वासाचं पीठ. पोती तात्यांच्या ताब्यात असत. नवं पोतं फोडलं की त्यातला एक डबा आमच्या घरी येई. याला चोरी म्हणतात असं आमच्या घरात कुणाला वाटत नव्हतं. गावात रेशनवरच्या मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या तांबड्या ज्वारीच्या भाकरी खाऊन लोकांची तोंडं वाकडी झाली होती आणि आमच्याकडे आई सुकडीला तेलाचा हात लावून लहान लहान लाडू वळायची. चाळणीत वर राहायच्या त्या पांढऱ्या अळ्या. त्या ती कोंबड्यांना टाकायची. शाळेत मात्र पोरांच्या ओंजळीत सुकडी पोत्यातून सरळ पडत असे. तीच सुकडी. तिला चाळण माहीत नव्हती.

तात्या निबंध शिकवण्यासाठी आसपासच्या गावांत प्रसिद्ध होते. त्यांचं शिकवणं असं, की ते हात मागे बांधून वर्गात येरझाऱ्या घालत आणि निबंध सांगत, आम्ही तो पाटीवर उतरवून घ्यायचा, मग सगळ्यांनी मोठ्याने म्हणायचा आणि पाठ झाला की पाटी पुसायची. दिवाळीनंतर हे सुरू होई आणि होळीपर्यंत चाले. ‘बाग’ हा निबंध मला आजही तोंडपाठ आहे. ‘आमच्या घरासमोर एक सुंदर बाग आहे. बागेत गुलाब, मोगरा, जाई व जुई ही फुले आहेत. मध्यभागी एक कारंजे आहे. सायंकाळी आम्ही सर्व भावंडे बागेत विहार करतो.’ पाथर्डीच्या पुढचं आमचं गाव. घरासमोर म्हणाल तर बाभळी, निवडुंग आणि उकिरडा. कारंजं म्हणजे काय हे वर्गात कुणालाही ठाऊक नव्हतं. एका पोराने विचारलं तेव्हा तात्यांनी त्याला एवढंच सांगितलं, ‘लिहिताना ज्यावर टिंब देतात ते.’ सगळा वर्ग एकसुरात विहार करायचा. मला यात काही चूक दिसत नव्हती, उलट मी त्यात पहिला होतो. माझा ‘सायंकाळी’ कधी अडखळला नाही.

आमच्या शेजारची एक मुलगी परवा शाळेचा निबंध दाखवायला आली. मोबाईलवरून उतरवलेला. त्यात गुलाब होता, मोगरा होता आणि मध्यभागी कारंजं होतं. तीन मजल्यांच्या इमारतीत राहणाऱ्या त्या लेकराच्या वहीत ते कारंजं अजून उडत होतं. मी चष्मा काढून ठेवला. इतका संताप आला की तिला काही बोलवेना, आणि तिचा त्यात काय दोष?

भिंगारदिवे बाई आमच्या शाळेत आल्या त्या एका पत्र्याच्या ट्रंकेसह, भर उन्हात, रस्त्याच्या फाट्यापासून चालत. नगरच्या ख्रिस्ती घरातल्या. गावात त्यांना खोली मिळायला उशीर लागला, तोवर त्या वर्गातच राहिल्या. शाळेला दुसरा शिक्षक मिळाला म्हणून तिसरी-चौथी त्यांच्याकडे गेली आणि पहिली-दुसरी तात्यांनी स्वतःकडे ठेवली. मी चौथीत होतो. पहिल्याच आठवड्यात बाईंनी आम्हाला सांगितलं, ‘आज घरून येताना जे पाहिलं त्यातली एक गोष्ट लिहा. एकच.’ मी लगेच पाटी भरून दाखवली: ‘सकाळी सूर्य उगवला. पक्षी किलबिल करू लागले. देखावा फार सुंदर होता.’ बाईंनी पाटी हातात धरून शांतपणे वाचली.

‘दिनकर, कुठले पक्षी?’

‘पक्षी, बाई.’

‘तू पाहिलेस?’

मी पाटी परत घ्यायला हात पुढे केला.

‘हे गुरुजींचं आहे. चांगलं आहे, पण त्यांचं आहे. तुझं दे ना मला.’

मग त्यांनी फळ्यावर ‘सुंदर’ असं लिहिलं, आम्हाला वाचायला लावलं आणि पुसून टाकलं. म्हणाल्या, ‘दिवाळीपर्यंत हा शब्द सुट्टीवर. जो वापरेल त्याने लिंबाच्या झाडाला एक फेरी मारायची.’ पोरांना तर खेळच मिळाला. एकमेकांना चिडवून, फसवून तो शब्द बोलायला लावायचे. ‘आरं, ती नटी कशी दिसती रं?’ असं कुणी विचारलं की समोरचा तोंडावर हात ठेवून म्हणे, ‘लई ही दिसती.’ ‘ही म्हंजी?’ ‘ही म्हंजी ही! मला पळायचं न्हाई उन्हात.’

लिहायला शिकवण्याची त्यांची रीत साधी होती, पण लिहिण्याविषयी आज पुस्तकांतून वाचतो त्यातलं बहुतेक त्या लिंबाखाली आम्हाला मिळून गेलं होतं. एका वेळी एकच गोष्ट. आधी बघायचं, मग बोलायचं, जसं बोललो तसंच लिहायचं. घरी बोलतो ती भाषा आधी, पुस्तकातली मागून. कुणी वाक्य वाचलं की बाई विचारत, ‘मग? पुढे काय झालं?’ आणि पोरगं सांगत सुटे. आणि ज्याचं वाक्य दुसऱ्या कुणाचं नसेल, ते बाई वर्गाच्या मागच्या भिंतीवर कोळशाने लिहून ठेवत, खाली नाव. लिहिण्याआधी विचारत मात्र, ‘लावू का भिंतीवर?’ ती भिंत हळूहळू भरत गेली. ‘हिरीत बादली टाकली की आता ती वाजती.’ ‘आमच्या म्हशीच्या बरगड्यांवर माझी बहीण पाढे म्हनती.’ ‘टँकर आला की माझी आजी सगळ्यांच्या म्होरं पळती. येरवी तिला उठवत न्हाई.’ ‘खडी फोडून आल्यावर आईच्या हाताला पानी लागलं की ती सरकारला शिव्या देती.’ पोरं येता-जाता आपलं नाव बघून घेत. ज्यांची नावं हजेरीखेरीज कुठे लिहिली गेली नव्हती, ती पोरं.

तात्या त्या वर्गात पाऊल टाकत नसत. जेवताना आईला म्हणत, ‘चुलीपुढच्या गप्पा भिंतीवर लिहितेय बाई. तपासणीला साहेब आले की कळेल.’ आई त्यांना भाकरी वाढत राही. मला वाक्य सुचायला फार दिवस लागले. शेवटी लिहिलं, ‘तात्या रागावले की आधी पाणी पितात.’ बाई मोठ्याने हसल्या, मग एकदम थांबल्या. ‘हे अगदी तुझं आहे. लावू?’ मी मान हलवून नाही म्हटलं आणि पाटी तिथल्या तिथे बाहीने पुसली.

चंद्री तिसरीत होती, पण वयाने माझ्याएवढीच. तिचं घर दरवर्षी दसरा झाला की बैलगाडीत बिऱ्हाड घालून ऊसतोडीला जायचं आणि उन्हाळ्यात परतायचं. त्यामुळे निबंध पाठ होण्याच्या दिवसांत ती कधी शाळेत नसेच. त्या वर्षी पाण्याअभावी ऊसच उभा नव्हता, आईबाप गावातच रस्त्याच्या कामावर खडी फोडत होते आणि चंद्री पहिल्यांदा सलग शाळेत बसली होती. अक्षर किरटं. बोलायची कमी, पण बाईंनी विचारलं की डोळे वर न करता सगळं सांगायची. एके दिवशी बाईंनी आम्हाला डोळे मिटून बसवलं आणि सांगितलं, ‘शाळेत आल्यावर रोज ऐकू येतो असा एक आवाज लिहा. कुणाच्या ध्यानात नसेल असा.’ बहुतेकांनी घंटा लिहिली, कुणी कोंबडा लिहिला. पाणी भरून लवकर शाळेत येणाऱ्या चंद्रीने लिहिलं:

‘रोज सकाळी गुरुजींच्या घरी चाळन वाजती. मंग गुरुजींच्या सुकडीत आळ्या नसत्यात. आमच्या सुकडीत असत्यात. आमी डोळं झाकून खातो.’

बाईंनी ते वाचलं आणि पाटी गुडघ्यावर ठेवली. मी पुढच्या रांगेत होतो, माझे कान तापले. मग त्यांनी चंद्रीला जवळ बोलावलं. ‘लावू का गं भिंतीवर? नको म्हणालीस तरी चालेल.’

‘लावा की,’ चंद्री म्हणाली. ‘खरं हाय.’

कोळसा घेताना बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघत होतो. मी घरी काही सांगितलं नाही. बाईंच्या बाजूचा होतो म्हणून गप्प राहिलो असं मला पुष्कळ वर्षं वाटायचं. आता वाटतं, मार टाळण्यासाठी गप्प राहिलो.

साहेबांची जीप ठरल्या दिवसाच्या आधीच आली. तालुक्याचे तपासणी साहेब, गोरे, मृदू बोलणारे, धुळीसाठी नाकाला घडीचा रुमाल लावलेले. त्या रुमालाला अत्तराचा वास होता, वर्गात ते आले की तो आधी आला. तात्या मागून लगबगीने, टोपी सारखी करत. साहेब भिंत वाचू लागले. म्हशीवर हसले, आजीवर तर तात्यांकडे वळून हसले. मग ते खालच्या, चंद्रीच्या ओळीपाशी पोहोचले. तात्याही वाचत होते. कोपऱ्यातल्या माठाकडे जाऊन त्यांनी पाणी प्यायलेलं मी पाहिलं.

‘हे काय आहे?’ साहेबांनी विचारलं.

‘तिसरीतल्या मुलीने लिहिलंय साहेब, चंद्रीने. तिने ऐकलं ते.’ बाईंचा आवाज नेहमीसारखाच होता.

‘अहो बाई, कोळशाने तुम्ही लिहिलंय.’

‘शब्द तिचे आहेत.’

‘तिसरीतल्या मुलीचे?’ साहेब हसले. ‘इतकी वर्षं तपासण्या करतोय. मुलं काय लिहितात ते मला माहीत आहे. शिक्षक जे सांगतो ते लिहितात. तक्रार करायची तर सरळ अर्ज करावा माणसाने, पोरांच्या तोंडून कशाला?’

‘सुकडी बघा साहेब एकदा. पोतं बाहेरच आहे.’

‘ते मी बघेन. आधी हे कुणी लिहिलं ते ठरू द्या.’

त्यांनी पोतं पाहिलं नाही. मला आजही रक्त उसळतं ते इथे. बाहेर पाच पावलांवर पोतं उघडं होतं, अळ्या काही लपून बसल्या नव्हत्या. पण त्या सभ्य माणसाला लिहिलेलं खरं आहे का, हा प्रश्न पडलाच नाही. लिहिणारं कोण, एवढाच पडला. बाईंचा चेहरा लाल झाला आणि त्या म्हणाल्या, ‘मग विषय द्या साहेब. तुम्हीच द्या. मी दारात उभी राहते. ही मुलं स्वतःचं लिहितात की माझं, ते तुम्हीच बघा. माझं निघालं तर मला खुशाल इथून हलवा.’

साहेबांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. बाहेर नुसतं ऊन होतं. ‘बाग,’ ते म्हणाले. ‘लिहा मुलांनो, बाग.’

सगळ्या वर्गाने माझ्याकडे पाहिलं. गुरुजींचा पोरगा, पहिला नंबर, पुढची रांग. मला बाई दारात दिसत होत्या, त्यांनी मला पाहून किंचित मान हलवली, लिही म्हणून. आणि तात्या माझ्या शेजारी उभे होते. त्यांच्या धोतराचा काठ माझ्या कोपराला लागत होता. लिहायला माझ्याकडे काय नव्हतं? कधी न पाहिलेली बाग होती, वाळलेला लिंब होता, अत्तराचा वास होता, कोपराला लागणारं धोतर होतं. माझ्या पेन्सिलीने लिहिलं, ‘आमच्या घरासमोर एक सुंदर बाग आहे.’ ओठही हलले असतील, कारण मागून कुजबुज ऐकू आली, ‘बागंत गुलाब, मोगरा...’ आणि मग पेन्सिलींचा एकच कर्रकर्र आवाज. जी पोरं सुंदर म्हणायला नको म्हणून तोंडावर हात धरत, त्या सगळ्यांनी सुंदर लिहिलं. सगळ्यांच्या बागेच्या मध्यभागी कारंजं उडालं.

साहेब एकेक पाटी बघत पुढे निघाले. प्रत्येक पाटीवर तीच ओळ. त्यांच्या चेहऱ्यावर रागही नव्हता, फक्त समाधान. तात्या दुसऱ्या बाजूच्या रांगेतून, त्यांच्या थोडं पुढे, पाट्या नीट धरायला सांगत चालले होते. चंद्री त्या रांगेच्या शेवटी, माझ्याकडे तोंड करून भिंतीला टेकून बसायची. तिने पाटी आमच्याकडे करून गुडघ्यांवर उभी धरली होती. मी वळून पाहिलं आणि मला वाचता आली:

‘मी बाग बघितली न्हाई. सायबांच्या रुमालाला वास हाय. बाग तशी आसंल.’

तात्यांनीही वाचली. ते वाकले, जणू पाटी सरळ करायला, आणि त्यांनी धोतराच्या सोग्याने ती पुसली. एका हाताने, डावीकडून उजवीकडे. मग पुढे गेले. चंद्री ओल्या न झालेल्या, नुसत्या पांढुरक्या झालेल्या त्या पाटीकडे बघत राहिली. साहेब पोहोचले तेव्हा म्हणाले, ‘हिने काहीच लिहिलं नाही?’

‘ही चंद्री सलग नसते शाळेत, साहेब,’ तात्या म्हणाले. ‘ऊसतोडीची.’

‘आणि हिनेच ती भिंत लिहिली म्हणता?’ साहेब बाईंकडे वळून म्हणाले.

चंद्रीने तोंड उघडलं. ‘लिवलं हुतं...’ एवढं ती बोलली. तात्या म्हणाले, ‘गप बस.’ मी पाहिलं होतं, वाचलं होतं, शब्द माझ्या तोंडात जसेच्या तसे होते. पाठ करण्यात मी पहिला होतो. मी उभा राहून ती तीन वाक्यं म्हटली असती तर बाई राहिल्या असत्या की नाही, मला माहीत नाही. पण मी बसून राहिलो.

बाईंची बदली जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला झाली, अकोले तालुक्याच्या डोंगरात, राजूरच्याही पलीकडे. ट्रंक फाट्यापर्यंत न्यायला चंद्रीचा बाप आला होता, चंद्रीला आणि मला घेऊन. एस.टी. दिसली तेव्हा बाईंनी मला जवळ घेतलं. ‘भिऊन लिहिलंस, होय ना?’ मी मान हलवली. ‘मग भीती वाटते, एवढंच लिहायचं होतंस रे. तेही तुझंच झालं असतं.’ त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. चंद्रीच्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला. एस.टी. गेली.

हल्ली रविवारी माझ्याकडे काही मुलं लिहायला शिकायला येतात. त्यांना मी बाईंचेच धडे देतो. एकच गोष्ट, आधी बघा, कुणाच्या ध्यानात नसेल असा आवाज लिहा. त्यांचे आईबाप कौतुक करतात, आणि मी ते घेतो. चंद्रीच्या पाटीबद्दल मी त्यांना कधी सांगितलेलं नाही. तात्या थकल्यावर मी एकदाच त्यांना विचारलं, ती पाटी का पुसली म्हणून. त्यांना लगेच आठवली, म्हणजे तेही विसरले नव्हते. म्हणाले, ‘त्या पोरीच्याच भल्यासाठी. साहेबाच्या रुमालावर लिहिलं होतं तिने. काय झालं असतं तिचं?’ मग त्यांनी पाणी मागितलं. मी दिलं. पोरीच्या भल्यासाठी! भलं करायचं होतं तर चाळण होती घरात. पोतं चाळायला एक सकाळ लागली असती. म्हाताऱ्या माणसाला हे बोलायचं नाही म्हणून तेव्हा बोललो नाही, आणि आता बोलायला ते नाहीत. हा राग घेऊन मी कुठे जाऊ?

बाई गेल्या त्याच आठवड्यात भिंत चुन्याने पांढरी केली गेली. तिसरी-चौथी पुन्हा तात्यांकडे आली आणि लिंबाच्या फेऱ्या बंद झाल्या. सुकडीचं पोतं होतं तिथेच, होतं तसंच राहिलं. घरात मात्र एक बदल झाला. एका सकाळी मी जागा झालो तर थपथप नव्हती. उठून पाहिलं. दार लावलेलं, आई चुलीच्या उजेडात परातीत सुकडी पसरून बसली होती आणि एकेक अळी बोटांनी वेचत होती. चाळण खुंटीवर. मी काही विचारायच्या आत ती हळू म्हणाली, ‘तात्या म्हणाले, आवाज बाहेर जातो.’ तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मग तिने नेहमीसारखा लाडू वळला, माझ्या हातावर ठेवला, आणि मी तो खाल्ला. चांगला गोड होता.

शाळेत गेलो तर चंद्री लिंबाखाली बसली होती, ओंजळीत सुकडी घेऊन. मला पाहून सरकली, बाजूला जागा केली. तिच्या मनात माझ्याविषयी काही नव्हतं, हेच मला आजवर सोसत नाही.

‘दिन्या,’ ती म्हणाली, ‘तुमच्या घरची चाळन वाजंना झाली. आता तुमी बी डोळं झाकून खाता व्हय रं?’

तिच्या आवाजात थोडी कीव होती, थोडा आनंद होता. कुणीतरी सोबतीला आल्यासारखा.

मी म्हणालो, ‘व्हय.’